‘कुठलाही बोर्ड कुठल्याही कॅबिनेटमध्ये बसतो’ हे खरं नाही

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला आणि कोल्हापुरात घरोघरी जुने कॉम्प्युटर उघडले जाऊ लागले. विंडोज ११ ला, प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे दहा-बारा वर्षांचा बोर्ड, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, बदलणं आलंच. अशात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. मला तो तीन ग्रुपवरून आला, शेवटचा आमच्या तालमीच्या ग्रुपवरून. त्यात चार गोष्टी सांगितल्यात: कॅबिनेट म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, कुठलाही बोर्ड कुठल्याही डब्यात बसतो. भोकं जुळली नाहीत तर दोन स्क्रूवर भागतं, नाहीतर उद्यमनगरात ड्रिल मारून घ्या. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, जुनाच चालतो, पिन बसली की झालं. आणि रॅम, फॅन, हार्डडिस्क सगळं नव्या बोर्डावर चालतं.

जुनं कॅबिनेट उगाच भंगारात देऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण बोर्डाचा बॉक्स फोडल्यावर दुकानदार सहसा परत घेत नाही, आणि हा मेसेज वाचून खरेदीला निघणाऱ्याच्या खिशात महिन्या-दोन महिन्यांची बचत असते. म्हणून एकेक मुद्दा तपासून लिहितोय.

पहिला दावा अर्धा खरा आहे. इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आणलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. १९९७ मध्ये त्याचं धाकटं भावंड मायक्रो-एटीएक्स आलं, २४४ बाय २४४, आणि त्याची बरीचशी भोकं थोरल्याशी जुळतील अशीच ठेवली. त्यामुळं २००५ साली राजारामपुरीत जोडून घेतलेल्या साध्या कॅबिनेटमध्ये आजचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड आरामात बसतो. तीस वर्षं एक माप टिकवणं ही कौतुकाचीच गोष्ट आहे. उलट बाजूनं मात्र हे चालत नाही. लहान कॅबिनेटमध्ये ३०५ मिलिमीटरचा बोर्ड जाणार नाही. तुमचं कॅबिनेट कुठलं, हे टेप न लावताही कळतं. मागच्या बाजूनं ग्राफिक्स वगैरे कार्डांच्या आडव्या खाचा मोजा. सात असतील तर एटीएक्स, चार असतील तर मायक्रो-एटीएक्स.

आणि कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल तर हे गणितच बदलतं. पतसंस्था आणि ऑफिसांतून निघालेले असे डबे आपल्याकडं खूप विकले जातात. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत पोर्टांची मागची पट्टी पत्र्यातच कापलेली असते, ती निघत नाही. पॉवर बटणाची वायर त्यांच्या स्वतःच्या प्लगची, एसएमपीएसची पिनही वेगळी. २००४ ते २००६ च्या सुमाराचा काही माल तर बीटीएक्स मापाचा आहे. त्यात बोर्ड आरशात पाहिल्यासारखा उलट्या बाजूला बसतो. असा डबा असेल तर नवं साधं कॅबिनेट घेणंच स्वस्त पडतं.

दुसरा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. दोन स्क्रूवर बोर्ड उभा राहतो, पण चोवीस पिनचा प्लग आणि रॅम दाबून बसवताना तो केळीच्या पानासारखा वाकतो आणि आतले बारीक सांधे तुटू शकतात. स्वस्तातले मायक्रो-एटीएक्स बोर्ड पूर्ण २४४ मिलिमीटर रुंदही नसतात. त्यांची उजवी कड तशीही अधांतरी राहते, तिथं हाताचा आधार देऊनच प्लग दाबावा. ड्रिलबद्दल म्हणाल, तर उद्यमनगरातल्या कारागिराच्या हाताबद्दल मला तिळभर शंका नाही. अडचण दुसरीकडंच आहे. बोर्डाची भोकं, मागची १५९ बाय ४४ मिलिमीटरची खिडकी आणि कार्डांच्या खाचा एकमेकांशी बांधलेल्या असतात. भोक सरकवलंत की पोर्ट पत्र्याआड जातात.

भोकांपेक्षा मोठा धोका मेसेजमध्ये आलेलाच नाही. बोर्डाखाली जे षटकोनी पितळी खुंट असतात, स्टँडऑफ, ते बोर्डाला पत्र्यापासून वर धरतात. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या पेढीवर मी नवा बोर्ड बसवायला गेलो होतो. सगळं जोडलं, बटण दाबलं. फॅन अर्धा वेढा फिरला आणि थांबला. पुन्हा तेच. रॅम काढून लावली, प्रोसेसर पाहिला, तासभर गेला. शेवटी बोर्ड उचलला तर खाली जुन्या बोर्डासाठी लावलेला एक जादा खुंट होता. त्याच्यावर नव्या बोर्डाला भोकच नव्हतं. बोर्डाच्या पाठीवर, बरोबर सोल्डरच्या टोकांवर, तांदळाच्या दाण्याएवढा चकाकता ओरखडा. एसएमपीएस शॉर्ट ओळखून बंद होत होता म्हणून बोर्ड वाचला. पकडीनं खुंट काढला आणि मशिन चालू झालं. चूक माझीच होती, आधी बोर्ड नुसता वर धरून भोकं मोजायला हवी होती. आता बोर्डाच्या खोक्यातला पुठ्ठा घेऊन त्यावर भोकांच्या जागा पेनानं उतरवतो, पुठ्ठा कॅबिनेटमध्ये ठेवतो, आणि खुणेखाली नसलेला प्रत्येक खुंट काढून टाकतो.

तिसरा मुद्दा एसएमपीएसचा. पिन बसते हे खरं, वीस पिनचा जुना प्लगही चोवीसच्या सॉकेटमध्ये जातो. पण बाजूचा तक्ता वाचा. वर ठळक ‘४५० वॅट’ आणि खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपियर, असे एसएमपीएस मी पाहिलेत. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आजचा प्रोसेसर मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतो. आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोर लागला की तो ११७ पर्यंत जाऊ शकतो. मग ग्राफिक्स कार्डाला उरलं काय? २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडच्या कितीतरी दुकानांत पाणी शिरलं होतं. तेव्हा भिजून उन्हात वाळवलेला एसएमपीएस अजून चालू असेल तर त्याला नवा बोर्ड कृपा करून लावू नका.

चौथा मुद्दा थोडक्यात सांगतो. जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम पुढच्या पिढीच्या डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही. पहिलीला २४० पिना, दुसरीला २८८, आणि व्होल्टेजही वेगळं. जोर लावलात तर खाच तुटेल. प्रोसेसरवरच्या फॅनचंही तसंच: इंटेलच्या जुन्या ७७५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) फॅनच्या भोकांमधलं अंतर ७२ मिलिमीटर, ११५५ वर ७५, १७०० वर ७८. प्रोसेसर थंड ठेवणारा उंच टॉवर कूलर घेणार असाल तर बोर्ड ते झाकण हे अंतर मोजा. असे बरेच कूलर १५५ मिलिमीटरच्या आसपास असतात आणि अरुंद कॅबिनेटचं झाकण लागत नाही. पुढच्या पॉवर लाइटची वायर जुन्या कॅबिनेटमध्ये तीन घरांच्या प्लगची असते, नव्या बोर्डावर पिना दोन. पिना सुईनं सोडवून शेजारी-शेजारी लावता येतात, त्यासाठी कॅबिनेट बदलू नका.

सॅटा (अरुंद चपट्या केबलची) हार्डडिस्क मात्र चालते, मेसेज इथं बरोबर आहे. फक्त तिच्यावरचं जुनं विंडोज चालू होईलच असं नाही, कारण नवे बरेच बोर्ड जुन्या पद्धतीनं बूटच होत नाहीत. बोर्ड काढायच्या आधी, जुनं मशिन चालू आहे तोवर, टॅलीचा डेटा आणि घरचे फोटो पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.