शनिवारपुरता काळा

डोकं अजून तापलेलं आहे, निवायच्या आत लिहून टाकते.

पुण्याबाहेर एका डॉग शेल्टरमधे मी सुट्टीच्या दिवशी जाते. फुकट, आणि स्वतःचं पेट्रोल जाळून (यातला 'फुकट' आमच्या आईच्या तोंडून ऐकावा). तर काल सकाळी एका कुत्र्याच्या मानेतले किडे काढत बसले होते. टर्पेंटाईनचा बोळा धरला की जखमेतून एकेक पांढरा वळवळत वर येतो, मग चिमट्याने अलगद ओढायचा. मधेच मागून आवाज, "ओ बाई, काळा आहे का?"

बघते तर इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात स्टीलचा डबा. मी हरखलेच, कारण काळ्याला कुणी विचारत नाही हो. फोन येतात ते लॅब आहे का, पॉमेरियन आहे का, आणि गावठीच असेल तर निदान पांढरं दाखवा. आमच्या काळूबरोबरची सगळी पिल्लं कधीच घरं मिळून गेली, हा इथेच घोडा झाला. हात धुऊन पळत जाऊन त्याला घेऊन आले.

"न्यायचा नाहीये," काका म्हणाले. "साडेसाती आहे. अकरा शनिवार काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी."

बरं, घाला बाबा. पण आधी तपासणी. एकही पांढरा केस चालत नाही म्हणे, म्हणून चष्मा वर करून काळूला पुढून, मागून, पोटाखालून बघितलं, मी फ्लॅट घेताना भिंती इतक्या बघितल्या नव्हत्या. शेवटी कानाशी अडले.

"हा कान कापलाय!"

"नसबंदी झालीये काका. भुलीत असतानाच टोक कापतात, म्हणजे तोच कुत्रा परत पकडून नेत नाहीत."

"म्हणजे खंडित."

लगेच गुरुजींना फोन, स्पीकरवर. गुरुजी म्हणाले, कान का शेपूट? कान. किती गेलाय? काकांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं नखाएवढा, काकांनी फोनमधे सांगितलं नखाएवढा. पलीकडे बराच वेळ शांतता. मग निकाल आला की मूर्तीचं वेगळं, सजीवाला चालतं.

काळूने पोळी हुंगली, शिंकला आणि माझ्यामागे येऊन बसला. हळद घालून शिजवलेल्या कोंबडीच्या माना आणि भात खाणारा प्राणी तो, मोहरीचं तेल कशाला चाटतोय. "तुम्ही लोकांनी यांच्या सवयी बिघडवल्यात," काका मला म्हणाले. मला!

मी विचारलं, तुमच्या सोसायटीत नाही का एखादा काळा? होता ना, म्हणे, एकदम बिनडागी. मग? "आम्हीच तक्रार करून उचलायला लावला." हे छाती पुढे काढून. त्याला खायला घालणाऱ्या मुलीलाही कमिटीने बोलावून झापलं होतं, तेही सांगितलं. म्हटलं काका, 2023 चे नियम आहेत, नसबंदी आणि लस करून कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो. तर म्हणाले, सुप्रीम कोर्टाने सगळी कुत्री आत टाकायला सांगितलीत. 11 ऑगस्ट 2025 चा दिल्ली परिसरापुरता आदेश यांना तोंडपाठ, 22 ऑगस्टला कोर्टानेच तो बदलला आणि पिसाळलेली किंवा चावरी सोडून बाकीची परत सोडा म्हटलं, ते फॉरवर्ड यांच्या ग्रुपवर आलंच नाही. घरात दत्ताचा फोटो नक्की असणार, पायाशी चार कुत्र्यांसकट. जेजुरीलाही जात असतील. पण गेटवर एक कुत्रं बसलेलं चालत नाही, आणि शनी वाकडा झाला की त्याच जातीची मदत लागते, तीसुद्धा स्वच्छ, लसवाली, कुणीतरी धरून ठेवलेली. औषधाला, खाण्याला पैसे मागितले की मात्र "तुम्हाला ग्रँट असेल ना?"

एवढं सगळं मी बोलले नाही. मी काळूला धरलं, पोळीचा तुकडा त्याच्या तोंडाशी नेला आणि काकांनी फोटो काढला, पुरावा म्हणून. जाताना माझ्या तळहातावर 20 रुपये ठेवले. "चहा घे." ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत हो! तेल सांडलं होतं ते कुणी पुसलं हे सांगायला नको.

रात्री शेल्टरच्या व्हॉट्सॲपवर त्यांचा मेसेज: "फोटोत तुमची बोटं आली आहेत. गुरुजी म्हणतात हा शनिवार धरता येणार नाही. पुढच्या वेळी कुत्र्याला उपाशी ठेवावे."