नवी आवृत्ती म्हणजे अधिक काळ पाठिंबा नव्हे

‘ऑपरेटिंग सिस्टीमची सर्वांत नवी आवृत्ती घ्या, तिलाच सर्वाधिक काळ सुरक्षा अपडेट मिळतात’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. उबुंटू या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीमचेच पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४.१० या आवृत्तीचा पाठिंबा अवघ्या नऊ महिन्यांत, जुलै २०२५ मध्ये संपला; तिच्याआधी सहा महिने आलेली २४.०४ मात्र दीर्घ मुदतीची असल्याने तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळायची आहेत.

विंडोज ११ घातले की निश्चिंत, हेही खरे नाही. होम आणि प्रो प्रकारांत त्याच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिनेच मिळतात. त्यामुळे २३एच२ या २०२३ च्या आवृत्तीवर थांबलेल्या संगणकाची अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ रोजी बंद झाली, तर विस्तारित सुरक्षा योजनेत नोंदवलेल्या विंडोज १० साठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत जाहीर झाली. मुदत संपल्यावर संगणक चालूच राहतो, आणि माझ्या मते खरी काळजी तीच, कारण नव्या त्रुटी उघड्या राहूनही वरवर सारे सुरळीत दिसते. स्टार्टमध्ये ‘winver’ टाइप केल्यास उघडणाऱ्या छोट्या चौकटीत आपली नेमकी आवृत्ती दिसते, मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मुदतीच्या तक्त्यात तीच शोधावी.