अडीच सुती नट

पेठेतला वाडा पाडला तेव्हा वाटण्यांत भावाला पितळेची भांडी गेली आणि झोपाळा आमच्याकडे आला, कारण तो कुणाच्याच हॉलमध्ये मावत नव्हता. आमच्याही मावत नाही. पण अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळपासून त्यावरच असतात. आणि पाटाच्या एका कोपऱ्यातला नट सैल झाल्यापासून घरात रोज पिचवरून खटके उडू लागले.

बायको आतल्या खोलीत ऑनलाइन गाणं शिकवते. तिचे अमेरिकेतले विद्यार्थी पट्टीला पिच म्हणतात, म्हणून आता तीही म्हणते. तिची पट्टी काळी पाच, पेटीवरची पाचवी काळी. म्हणजे षड्ज साधारण २३३ हर्ट्झला आणि कोमल रिषभ २४७ला. झोपाळ्याची करकर तिने मोबाइलच्या ट्यूनरवर मोजली, ती २४० भरली. "निदान कोमल रिषभाला तरी लागू दे रे! तोडी राग शिकवून मोकळी होईन. हा ना धड षड्ज, ना धड रिषभ!"

अण्णांना ऐकू कमी येतं, पण 'पिच' तेवढं नेमकं येतं. मग ते गहुंजेच्या क्रिकेट मैदानावर घसरतात. फेब्रुवारी २०१७ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. त्यांच्या ओकीफने बारा बळी घेतले, आपण १०५ आणि १०७ मध्ये आटोपलो, ३३३ धावांनी हरलो. आयसीसीनेही खेळपट्टीला 'खराब' ठरवलं. अण्णांचं दुःख मात्र पराभवाचं नाही. सामना तिसऱ्याच दिवशी, शनिवारी, संपला आणि ते रविवारी जाणार होते.

शेवटी मिस्त्री आला. "आठ एमएम आहे साहेब, बसवून टाकतो." नट दोन फेरे हाताने गेला आणि अडला. मिस्त्रीने पान्याला पाइप लावला, पाय भिंतीला टेकवला आणि काहीतरी किंचाळलं. "फिट्ट!" म्हणाला, पैसे घेतले आणि गेला. आठवड्याच्या आत तो फिट्ट नट अण्णांच्या चपलेत सापडला.

मग मी बोल्ट काढून रविवार पेठेत बोहरी आळी गाठली. गल्लीतल्या एका दुकानात काउंटरमागचे काका हिशेब लिहीत होते. मी बोल्ट पुढे केला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पिच?"

मी म्हटलं, "काका, इथेही?"

त्यांनी खणातून चाकूसारखी पाती असलेलं एक उपकरण काढलं. पिच गेज. त्यातलं एकेक दातेरी पातं बोल्टाच्या आट्यांवर धरून ते उजेडाकडे बघायचे. फट दिसली की पुढचं पातं. एकावर फट दिसेना, तेव्हा पहिल्यांदा ते माझ्याशी माणसासारखे बोलले.

"इंचाला अठरा आटे. व्हिटवर्थ. अडीच सुती बोल्ट आहे हा, आठचा नाही. आठ एमएमचा नट कुणी चढवला यावर?"

एक सूत म्हणजे अष्टमांश इंच. म्हणजे अडीच सूत ७.९४ मिलिमीटर. आठला कमी फक्त सहा शतांश. एवढं तर पुण्यात रिक्षाचं मीटरसुद्धा इकडेतिकडे होतं, असं मी म्हणालो. काकांना ते आवडलं नाही. "जाडी सोडा हो. पिच म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. आठच्या नटाचं पिच सव्वा मिलिमीटर, तुमच्या बोल्टाचं १.४१. दर आट्याला ०.१६ चा फरक साठत जातो. पहिले दोन आटे चालवून घेतात, मग अडतं. वर आट्यांचा कोनही वेगळा, मेट्रिकचा साठ अंश, याचा पंचावन्न." व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने १८४१ मध्ये ही मापं ठरवली. आमच्या पाटाखाली ती अजून लागू होती आणि मिस्त्रीला कुणी कळवलं नव्हतं.

माळ्यावरून गंजका डबा उतरला. नट सापडला. बोटाच्या टोकाने फिरवला तर शेवटपर्यंत लोण्यासारखा गेला. मी आनंदाने सुटे पैसे काढले.

"एक देत नाही. डझन घ्यावा लागेल."

"पण मला एकच हवाय."

"मग तो चपलेतला वापरा."

डझन घेतला. करकर थांबली, बायकोची तोडी सुरळीत चालू आहे, आणि अकरा नट फडताळात पडून आहेत. कुणाला अडीच सुती, अठरा आट्यांचे नट हवे असतील तर सांगा. सुटे मिळणार नाहीत.