घरगुती वापराच्या नावाखाली चाललेली फसवणूक

घरी डीजेच्या सरावासाठी, म्हणजे एका गाण्यात दुसरे गाणे लयीत मिसळायला, सीडी डेकची (गाण्याचा वेग बदलता येणाऱ्या सीडी प्लेअरची) एक जोडी निवडायची, एवढेच काम होते. त्याला आता चार महिने झाले. मिक्सर टेबलावर आहे, हेडफोन आहे, अनेक वर्षांत एकेक गाणे निवडून स्वतः तयार केलेल्या सीडींची दोन खोकी भिंतीशी रचून ठेवलेली आहेत आणि या सगळ्याच्या मध्ये एक धड चालणारा डेक व एक निकामी डेक पडून आहे. हा विलंब माझ्या आळसामुळे किंवा चोखंदळपणामुळे झालेला नाही. डेक विकणाऱ्या आणि डेकविषयी सल्ला देणाऱ्या माणसांपैकी जवळजवळ कोणीही, ज्यावर निवड खरोखर अवलंबून असते त्या गोष्टी सांगत नाही, म्हणून तो झाला आहे आणि म्हणूनच मी संतापलो आहे.

सर्वांत आधी ‘घरगुती वापरासाठी उत्तम’ या शब्दांचा समाचार घ्यावा लागेल. हे शब्द ज्या ज्या यंत्राला चिकटवलेले मी पाहिले, त्यात पिच फेडर (गाण्याचा वेग कमी-जास्त करणारी सरकपट्टी) आखूड होता, त्याचे टप्पे मोठे होते, जॉग व्हील (गाणे किंचित पुढेमागे ढकलायचे चाक) हलके आणि खुळखुळणारे होते व बटणे लहान होती. तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजवणारे लूप आणि आवाजाचे इफेक्ट मात्र भरपूर. म्हणजे दिवे आणि करामती शाबूत ठेवायच्या आणि अचूकता तेवढी कापायची. घरी बसून बीटमॅचिंग, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवणे, शिकणाऱ्या माणसाला नेमकी अचूकताच लागते, हे या लोकांना कळत नाही, की कळूनही ते बोलत नाहीत? घरी गर्दीचा गोंगाट नसतो. स्पीकर हातभर अंतरावर असतात आणि चूक झाली की ती लगेच कानात शिरते.

हिशेब अगदी साधा आहे आणि तो कोणालाही करता येतो. १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या, गाण्यात दोन ठोक्यांमधले अंतर सुमारे ४६९ मिलिसेकंद असते. पिच फेडरचा टप्पा ०.१ टक्क्याचा असेल, तर तुम्ही कितीही जीव ओतून जुळवले तरी दोन गाण्यांच्या वेगात ०.०५ टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो. तो फरक मिनिटाला ३० मिलिसेकंद साचत जातो. तीन मिनिटांचे लांब मिश्रण करायचे म्हटले, तर शेवटी दोन्ही ठोके ९० मिलिसेकंदांनी फाकलेले असतात. एक ठोका समेवर पडतो आणि दुसरा त्याच्यामागून धडपडत येतो. तोच टप्पा ०.०२ टक्क्याचा असेल, तर तेवढ्याच वेळात जास्तीत जास्त १८ मिलिसेकंदांची तफावत पडते आणि जॉग व्हीलला बोटाचा हलका धक्का दिला की ती भरून निघते. पायोनियर कंपनीच्या सीडीजे-१००० या डेकमध्ये ±६ टक्क्यांच्या पट्ट्यात हा ०.०२ टक्क्याचा टप्पा मिळत असे, म्हणजे मी काही अशक्य वस्तू मागत नाही. शिवाय फेडरची लांबी आहेच. १२ टक्क्यांचा एकूण पट्टा ०.०२ च्या टप्प्यांनी विभागला की ६०० टप्पे होतात. १०० मिलिमीटरच्या फेडरवर प्रत्येक टप्प्याच्या वाट्याला सुमारे ०.१७ मिलिमीटर येतात, ६० मिलिमीटरच्या फेडरवर फक्त ०.१. हाताच्या बोटांनी एवढी सूक्ष्म हालचाल कोणी कशी करावी? आणि फेडरची लांबी व टप्पा हे दोन आकडे जाहिरातीत शोधायला जावे, तर तिथे काय असते? रंग, वजन आणि ‘आकर्षक डिस्प्ले’!

क्यूच्या, म्हणजे गाणे नेमके जिथून सोडायचे तो बिंदू धरून ठेवण्याच्या, बाबतीतही हीच गत. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाच्या ७५ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम १३ मिलिसेकंदांपेक्षा थोडी मोठी. क्यू बिंदू एकेका फ्रेमने पुढेमागे सरकवता येतो का, आणि बटण दाबताक्षणी गाणे सुटते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तो डेक वाद्यासारखा हाताळता येईल की नाही हे ठरते. चांगल्या डेकमध्ये क्यूनंतरचा तुकडा आधीच मेमरीत साठवलेला असतो, त्यामुळे लेझरला जागा शोधत बसावे लागत नाही. मी सहा विक्रेत्यांना हे विचारले. त्यांपैकी पाच जणांनी ‘सगळे व्यवस्थित चालते’ एवढेच उत्तर दिले. सहाव्याने उत्तरच दिले नाही.

आता माझ्या घरी पडलेल्या त्या निकामी डेकची हकिगत. जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने ‘मोजकाच वापर, उत्तम स्थिती’ असे लिहून तो मला विकला. बाहेरून तो खरोखर लखलखीत होता. घरी आणून जोडल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळले, की प्लेचे बटण तीन वेळा दाबावे तेव्हा एकदा लागते. या यंत्रांवर सर्वांत जास्त मार खाणारी बटणे म्हणजे प्ले आणि क्यू. त्यांच्याखालचे लहानसे स्विच झिजतात, हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ज्या डेकचे ते स्विच झिजले आहेत त्याचा वापर ‘मोजकाच’ कसा असू शकेल? पिच फेडर शून्याजवळ आला की आकडा आपोआप उडायचा, कारण आतल्या पट्टीवर धूळ बसलेली होती. हे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत, मला मान्य आहे. स्विच बदलता येतात, फेडर साफ करता येतो. पण ते आधी सांगितले असते, तर मी त्या हिशेबाने निर्णय घेतला असता. माझ्याकडून चांगल्या यंत्राचा मोबदला घेऊन दुरुस्तीला आलेले यंत्र माझ्या गळ्यात मारले गेले.

त्याहून मोठा घाव तिसऱ्या दिवशी बसला. छापील सीडी हा डेक निमूटपणे वाजवत होता, म्हणून मी निश्चिंत होतो. माझी स्वतः बर्न केलेली सीडी-आर आत घातली आणि तो नुसता फिरत राहिला. सीडी-आरवरून प्रकाश छापील सीडीपेक्षा कमी परावर्तित होतो आणि पुसून पुन्हा भरता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवरून त्याहूनही पुष्कळ कमी. लेझर थकलेला असला किंवा भिंगावर धुळीचा थर असला, की पहिला अडथळा याच डिस्कांवर येतो. म्हणून छापील सीडी वाजवून दाखवणे ही चाचणीच नव्हे. विक्रेत्याने मला नेमकी तीच चाचणी दाखवली होती. मी माझी डिस्क पुढे केली, तेव्हा ‘कशाला, सगळ्या सारख्याच असतात’ असे म्हणून त्याने डेकचे झाकण मिटले होते. सगळ्या सारख्या नसतात! तो रोज हीच यंत्रे विकतो, त्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

मॉडेलच्या नावातही हाच निष्काळजीपणा. ‘सीडीजे-१०००’ एवढेच लिहून लोक मोकळे होतात. पहिले यंत्र २००१ चे आहे, एमपी३ वाचणारी तिसरी आवृत्ती २००६ ची आहे. ज्याने एमपी३ च्या डेटा डिस्क भरून ठेवल्या आहेत त्याच्यासाठी या दोन यंत्रांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नावापुढचे दोन-तीन शब्द लिहायला किती कष्ट पडतात?

सल्ला देणाऱ्यांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांनी माझा पुरेसा वेळ खाल्ला आहे. सीडी डेक कोणता घ्यावा असे विचारले, की ‘सीडी कशाला, कंट्रोलर घे’ (म्हणजे संगणकाला जोडून त्यातली गाणी हाताळायचे यंत्र) हे उत्तर तयार असते. २०२० मध्ये आलेल्या सीडीजे-३००० ला सीडीची फटच उरली नाही, हे मलाही ठाऊक आहे. नव्या यंत्रांचा ओघ कुठे चालला आहे हे मी विचारलेच नव्हते. माझा संग्रह डिस्कांवर आहे, मला पडद्यावरच्या लहरी न पाहता कानाने लय जुळवायची आहे आणि डिस्क हातात घेऊन पुढचे गाणे निवडायचे आहे. ही इच्छा चुकीची ठरवण्याचा अधिकार यांना कोणी दिला? प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर गप्प बसावे.

गेल्या आठवड्यात आणखी एका विक्रेत्याशी बोललो. या वेळी मी आधीच स्पष्ट सांगितले, की येताना माझा हेडफोन, एक जुनी सीडी-आर आणि एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन येईन, दोन्ही डेक एका वेगावर लावून दहा मिनिटे ऐकेन, प्ले आणि क्यू पन्नास-पन्नास वेळा दाबून पाहीन आणि मगच ठरवीन. पलीकडून क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, ‘एवढे तपासायचे असेल तर तुम्ही नवेच घ्या,’ आणि त्याने फोन ठेवला. मिक्सरच्या डाव्या बाजूची जागा अजून रिकामीच आहे.