निराधारांच्या दीड हजारांना महागाई भत्ता लागत नाही

‘महागाई भत्ता 58 टक्के झाला, त्यामुळे पगारदार, पेन्शनर, निराधार, रोजगार हमीचे मजूर अशा सर्वांची रक्कम आपोआप 58 टक्क्यांनी वाढणार, तहसीलमध्ये अर्ज भरा’ असा मजकूर आमच्या मेहकर तालुक्यात मोबाईलवर फिरतो आहे. त्यावर विश्वास ठेवून माझी विधवा मावशी एसटीने तालुक्याला गेली आणि अर्ज लिहून देणाऱ्याला दोनशे रुपये देऊन आली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान महागाई मोजणाऱ्या कोणत्याही निर्देशांकाशी जोडलेले नाही. ते 2019 मध्ये 600 रुपयांवरून 1,000 आणि 2023 मध्ये 1,500 झाले. दोन्ही वेळा त्यासाठी स्वतंत्र शासन निर्णय काढावा लागला. मधल्या चार वर्षांत तेल, डाळ, सिलिंडर यांचे भाव कुठल्या कुठे गेले, तरी ते हजार रुपये हजारच राहिले. ज्या रकमेला महागाई भत्ताच नाही, तिच्यावरील भत्त्याचा अर्ज कसा असेल? तो भरून देतो म्हणून पैसे घेणे ही गरिबाची उघड लूट आहे.

ईपीएस-95, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्या कामगारांच्या 1995 च्या पेन्शन योजनेतील पेन्शनरांचेही तेच. त्यांचे किमान पेन्शन सप्टेंबर 2014 मध्ये 1,000 रुपये ठरले आणि त्यावर महागाई भत्ता नाही. आपल्याच बुलढाण्यातून चाललेले आंदोलन 7,500 रुपये आणि महागाई भत्ता मागते आहे. मिळत असलेली गोष्ट कोणी वर्षानुवर्षे मागत बसेल काय?

58 टक्के हा आकडा खरा, पण तो जुलै 2025 पासूनचा, केंद्रीय कर्मचारी व निवृत्तांचा, आणि तोही 2016 पासून साचत आलेला. त्या वेळची वाढ 55 वरून 58, म्हणजे 18,000 रुपये मूळ वेतनावर महिन्याला 540 रुपये एवढीच होती.

रोजगार हमीची मजुरी दरवर्षी निर्देशांकानुसार सुधारली जात आली, हे मात्र मान्य करावे लागते. महाराष्ट्रात 2024-25 चा 297 रुपये रोजाचा दर 2025-26 मध्ये 312 झाला. ही वाढ पंधरा रुपयांची, म्हणजे पाच टक्क्यांची आहे. आणि ती ज्या शेतमजूर निर्देशांकावरून ठरली, त्याचे आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून भाववाढ मोजतात ते वर्ष, 1986-87 होते, जेव्हा मजुराच्या घरात मोबाईलच्या रिचार्जचा खर्च नव्हता.