ट्यूबला घाबरता आणि अर्थिंगची पिन कापता?

गिटार वाजवणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर ठरलेला असतो: जुना हाय-गेन, म्हणजे भरपूर डिस्टॉर्शन (फाटका, गुरगुरणारा आवाज) देणारा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ट्यूब ॲम्प घेणं म्हणजे पांढरा हत्ती दारात बांधणं. ट्यूब सारख्या जातात आणि आता मिळतही नाहीत. शंभर-सव्वाशे वॅटचं हेड, म्हणजे स्पीकर वेगळा लावावा लागणारा ॲम्प, फ्लॅटमध्ये वाजवता येत नाही, त्यापेक्षा पंधरा वॅटचा घ्या. जुना ॲम्प घरघरणारच. फार झालं तर प्लगची अर्थिंगची पिन काढा, गप्प होतो. बिघडला तर दुरुस्त करणारं कुणी उरलेलं नाही. आणि मॉडेलरमध्ये, म्हणजे ॲम्पची नक्कल करणाऱ्या डिजिटल डब्यात, हुबेहूब तोच आवाज मिळत असताना हा खटाटोप कशाला?

सल्ला देणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं. पण यातला एक मुद्दा अर्धा बरोबर आहे, तीन चुकीचे आहेत आणि एक जिवावर बेतणारा आहे. गंमत म्हणजे लोक घाबरतात ते चुकीच्या तिघांना.

हवेत बोलण्यापेक्षा एक हेड समोर ठेवू: पीव्ही 5150. गिटारवादक एडी व्हॅन हेलनसाठी पीव्ही कंपनीने 1992 मध्ये आणलं, 120 वॅट, स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर टप्प्याला चार 6एल6 ट्यूब, गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीॲम्पला पाच छोट्या 12एएक्स7. 2004 मध्ये व्हॅन हेलन आणि पीव्ही वेगळे झाले आणि तेच हेड 6505 नावाने विकलं जाऊ लागलं; आकडा कंपनीच्या 1965 ते 2005 या चाळीस वर्षांचा. हार्ड रॉकवाल्यासाठी बनवलेलं हे हेड मेटलवाल्यांनी असं उचललं की आज सेकंडहँड हाय-गेन म्हटलं की पहिल्यांदा याचंच नाव निघतं.

आता ट्यूब. ‘दर सहा महिन्यांनी नवा संच’ हे रोज रात्री स्टेजवर हेड पिळणाऱ्या बँडला लागू असेल. घरी आणि सरावाच्या खोलीत आठवड्यातून दोनतीनदा वाजणाऱ्या हेडमध्ये पॉवर ट्यूबचा संच काही वर्षं सहज जातो, प्रीॲम्पच्या छोट्या ट्यूब तर त्याहून किती तरी जास्त. त्यात 5150 चा बायस, म्हणजे पॉवर ट्यूबमधून निवांत असताना किती करंट वाहायचा ते ठरवणारी जुळणी, कारखान्यातूनच थंड ठेवलेला आहे, आणि तो फिरवायला आत पॉट (फिरवायचा रेझिस्टर) सुद्धा दिलेला नाही. आवाजाच्या दर्दींना ही खोट वाटते. ट्यूबच्या आयुष्याला मात्र ती मानवते, कारण ट्यूब निवांत असताना तिच्यातून करंट कमी वाहतो.

बहुतेक ट्यूब मरतात त्या मालकाच्या घाईने. एक ट्यूब कुरकुरली की नऊच्या नऊ बदलायच्या, ही सवय खिशाला जड जाते. त्यापेक्षा ॲम्प चालू ठेवून, आवाज कमी करून, पेन्सिलच्या रबराच्या टोकाने प्रीॲम्पच्या ट्यूबना एकेक करून हलकेच टिचकी मारा. सगळ्यांतून थोडं टकटक ऐकू येईल, इनपुटजवळच्या पहिलीतून जरा जास्त. जी टिचकीसरशी किंचाळते किंवा घंटेसारखी वाजत राहते, ती मायक्रोफोनिक झाली, म्हणजे माइकसारखे धक्के ऐकायला लागली. तेवढी एक बदला. तिला बायस लावावा लागत नाही, जुनी उपटायची, नवी बसवायची. पॉवर ट्यूबच्या काचेला आतून निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. पण आतली करडी पत्र्याची प्लेट लालबुंद व्हायला लागली तर तिथल्या तिथे बंद करा. निळ्याला घाबरून लालकडे दुर्लक्ष करणारे महाभाग कमी नाहीत.

‘ट्यूब मिळत नाहीत’ याला थोडा इतिहास आहे. मार्च 2022 मध्ये युक्रेन युद्धाच्या धामधुमीत रशियाने निर्यात रोखली, तेव्हा सारातोवच्या कारखान्यातल्या ट्यूबचा पुरवठा अडला आणि भाव चढले. पुढे माल पुन्हा सुरू झाला, आणि स्लोव्हाकियातला जेजे या ट्यूब-कंपनीचा कारखाना तर चालूच होता. 12एएक्स7 आणि 6एल6 या दोन तर भरपूर खपणाऱ्या गिटार-ट्यूब. आपल्याकडे कस्टम आणि कुरिअर धरून त्या महाग पडतात, हे कबूल. महाग आणि दुर्मीळ यांत फरक आहे.

वॅटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो साध्या हिशेबाने मोडतो. सेलेस्टियनचा व्हिंटेज 30 हा या जातीच्या कॅबिनेटमधला (हेडला जोडायच्या स्पीकरच्या पेटीतला) नेहमीचा स्पीकर. एक वॅट दिला तर एक मीटरवर तो 100 डेसिबल आवाज काढतो. एका वॅटला! मग पंधरा वॅटचा ‘घरगुती’ ॲम्प पूर्ण उघडलात तर जवळजवळ 112 डेसिबल. शेजारच्या काकू तुमच्याकडे 120 वॅट आहेत की 15, हे विचारायला येणार नाहीत. दोन्हींत त्या सेक्रेटरीकडेच जाणार. पंधरा आणि एकशेवीस यांत फरक फक्त 9 डेसिबलचा आहे, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 लागतात. म्हणजे आठपट वॅट असूनही मोठं हेड दुप्पटसुद्धा मोठं वाजत नाही. जास्तीचे वॅट खर्च होतात ते पाम म्यूटचा (तळहाताने तारा दाबून वाजवलेला) ठोका न फाटता बाहेर यावा म्हणून.

‘ट्यूब ॲम्प पूर्ण उघडल्याशिवाय वाजतच नाही’ ही याच मुद्द्याची शेपटी. जुन्या, मास्टर व्हॉल्यूम (शेवटी एकूण आवाज ठरवणारा नॉब) नसलेल्या मार्शल ॲम्पबद्दल ती खरी होती. तिथे पॉवर ट्यूबनाच घाम फोडावा लागे. हाय-गेन ॲम्प नेमका याच कटकटीवर तोडगा म्हणून जन्माला आला. इथे डिस्टॉर्शन एकामागून एक लावलेल्या प्रीॲम्पच्या टप्प्यांत तयार होतं आणि मास्टर त्याच्या नंतर येतो. मास्टर एकवर ठेवा, गेन तोच राहतो. अडचण वेगळीच आहे: जुन्या हेडचा मास्टर सुरुवातीच्या जरा फिरवण्यातच शून्यावरून गर्जनेवर उडी मारतो. त्यासाठी इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्पनंतर पेडल जोडायला मागे दिलेल्या जॅकमध्ये) एक साधा व्हॉल्यूम पेडल टाका आणि मास्टर थोडा वर घ्या, म्हणजे बारीक आवाज हाताशी येतो. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, तेवढा खर्ज वाढवणारा रेझोनन्सचा नॉब वाढवा. कॅबिनेट फरशीवरून उचलून फोमवर ठेवा, कारण खालच्या मजल्यावर पोचतो तो खर्जच.

गेनही सहाच्या पुढे नेण्यात अर्थ नाही. तिथून पुढे नुसता चिखल. घट्टपणा हवा असेल तर गिटार आणि ॲम्पच्या मध्ये ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, त्याचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर. मेटलवाले उगाच तसं करत नाहीत.

आता घरघर, आणि ती पिन.

जुना ॲम्प आवाज करतो म्हणजे नेमका कोणता, हे आधी कानाने ठरवा. ‘स्स्स’ असा फुसफुसाट येत असेल तर तो हाय-गेनचा स्वभाव आहे. पहिल्या टप्प्यातला बारीकसा कल्ला पुढचे टप्पे हजारो पटींनी वाढवतात. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारा पेडल) लावा आणि सोडून द्या. गुणगुण असेल तर तिचा सूर शोधा. आपल्याकडची लाइन 50 हर्ट्झची, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून ती 100 होऊन निघते. गिटारच्या जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी 98 हर्ट्झचा असतो. तो छेडा. गुणगुण त्याच्याशी जुळत असेल, जेमतेम चढी असेल, आणि सगळे व्हॉल्यूम शून्यावर असतानाही टिकत असेल, तर संशय हा डीसी गुळगुळीत करणाऱ्या फिल्टर कॅपॅसिटरवर घ्या, किंवा पॉवर ट्यूबची जोडी विजोड आहे. तीसेक वर्षं जुन्या हेडमध्ये इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकलेले असणं अगदी साहजिक. गुणगुण त्याच्या खालच्या सप्तकातली, म्हणजे बेसच्या ई तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटच्या जीला लागून असेल, तर ती 50 हर्ट्झची: अर्थिंग, केबल, पिकअप किंवा हीटरची वायरिंग. ओळखीतल्या एकाने हे न ऐकता नऊच्या नऊ ट्यूब बदलून घेतल्या. हेड गुणगुणतच राहिलं. नंतर कॅपॅसिटर बदलल्यावर थांबलं, आणि जुन्या ट्यूब अजून शाबूत होत्या.

पिन काढल्यावर गुणगुण जाते, हे खरं आहे. ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार झालेलं वेटोळं, तुटतो म्हणून जाते. पण त्याच पिनेवर तुमचा जीव टांगलेला असतो. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीमधून थेट ॲम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. आत कुठे फेजची तार चासीला लागली, तर अर्थिंग असताना फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर काहीच उडत नाही. तारा 230 व्होल्टवर जिवंत होतात आणि तुम्ही माइकला ओठ लावेपर्यंत वाट बघतात. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवरच गेला: एक हात गिटारच्या तारांवर, दुसरा अर्थिंग धड नसलेल्या माइकवर.

तेव्हा लूप तोडायचा तर आवाजाच्या वाटेवर तोडा: ग्राउंड लिफ्टवाला (सिग्नल केबलचं ग्राउंड तोडणारं बटण असलेला) डीआय बॉक्स, नाहीतर इफेक्ट्स लूपमध्ये सिग्नलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावली तरी निम्मी घरघर जाते. जुन्या इमारतीत कधी कधी तीन भोकांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तारच नसते, म्हणून मल्टिमीटर लावून बघा: फेज आणि अर्थिंगमध्ये 230 च्या आसपास दिसायला हवं, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट. तसं नसेल तर आधी वायरमन बोलवा.

दुरुस्तीबद्दलची ओरड मला उलटीच वाटते. या हेडच्या आत रेझिस्टर, कॅपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर आणि सॉकेट आहेत. यातले बरेच सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हाताने निवडून घेता येतात. सर्किटचा नकाशा उपलब्ध आहे. जुने रेडिओ-टीव्ही उघडलेला माणूस तो वाचू शकतो. खरा आजार बहुतेकदा क्षुल्लक निघतो: बोर्डावर थेट बसवलेल्या जॅकचा किंवा सॉकेटचा सोल्डर उष्णतेने आणि टेम्पोच्या धक्क्यांनी तडकलेला, किंवा पावसाळ्यात पॉटना आणि सॉकेटना चढलेला मळ. मात्र ‘प्लग काढलाय, आता उघडायला हरकत नाही’ असं म्हणून स्क्रू ड्रायव्हर घेऊ नका. आत 400 ते 500 व्होल्ट डीसी खेळतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटर ते धरून ठेवू शकतात. डिस्चार्ज करून मीटरने खात्री करणारा माणूस शोधा.

मॉडेलरचा मुद्दा अर्धा मान्य. रेकॉर्डिंगमध्ये, मिक्समध्ये, कॅबिनेटसमोर माइक ठेवून घेतलेला 5150 आणि त्याचं चांगलं कॅप्चर (मॉडेलरने टिपलेली नक्कल) डोळे मिटून ओळखून दाखवा, असं आव्हान मी स्वतः घेणार नाही. हेडफोनवर रात्री वाजवायचं असेल तर मॉडेलरच घ्या, त्यात वाद नाही. माझा आक्षेप ‘हुबेहूब’ या शब्दाला आहे. मॉडेलर पकडतो तो माइकने ऐकलेला ॲम्प. खोलीत उभं राहून पोटऱ्यांवर जो ठोका बसतो तो स्पीकर, त्याच्या मागची हवा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळून देतात. आणि दहा वर्षांनी मॉडेलरचा बोर्ड गेला तर कोणत्या दुकानात तो चिप मिळणार, हे सल्लागार सांगत नाहीत.

ते आणखी दोन गोष्टी सांगत नाहीत, आणि सेकंडहँड सौद्यात फसतात ते तिथेच. पहिली, व्होल्टेज. अमेरिकेहून आलेलं हेड 120 व्होल्टचं असतं. मागची पाटी वाचल्याशिवाय भिंतीत लावू नका. 230 चे 120 व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर पाटीवरच्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा, आणि अर्थिंग आरपार नेणारा. दोन पिनांचा स्वस्तातला डबा नको. दुसरी, लोड, म्हणजे ॲम्पला जोडलेला स्पीकर. ट्यूब ॲम्प स्पीकरशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधली, जायला जागा नसलेली ऊर्जा ठिणग्या होऊन सॉकेटवर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत फुटते. या हेडमधल्या महागड्या भागांपैकी तो ट्रान्सफॉर्मर एक. मागचा 4, 8, 16 ओहमचा स्विच कॅबिनेटशी जुळवा, स्पीकरची केबल स्पीकरचीच वापरा, गिटारची नको. कॅबिनेटशिवाय रेकॉर्डिंग करायचं असेल तर योग्य ओहमचा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ऊर्जा झेलणारा डबा) लावा.

म्हणून बघायला जाताना आपलं कॅबिनेट किंवा लोड बॉक्स सोबत न्या. अर्धा तास वाजवा, गरम होऊ द्या, मग टिचकी मारा, गुणगुणीचा सूर तपासा, प्लेट लाल होतायत का ते वाकून बघा, प्लगला तिन्ही पिना आहेत का मोजा. विकणारा म्हणाला, ‘‘स्पीकर नाहीये, पण लाइट लागते बघा, चालू आहे,’’ तर त्याने याआधी किती जणांना ती लाइट तशीच लावून, तार छेडून दाखवली ते विचारा. उत्तर काहीही आलं तरी आउटपुट ट्रान्सफॉर्मरची किंमत भावातून वजा करूनच बोली लावा.