आठ वर्षांच्या मुलीला दिलेली तीन वर्षांची मुदत

चाळिशीच्या आसपासची एखादी बाई किंवा पुरुष लहानपणी घरातल्याच कुणी केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल पहिल्यांदा तोंड उघडतो, तेव्हा समोरून बहुधा दोनपैकी एक उत्तर येते. एक म्हणजे ‘आता इतक्या वर्षांनी काही होत नाही, सोडून दे’ आणि दुसरे, अलीकडे समाजमाध्यमांमुळे रूढ झालेले, ‘पोक्सोला मुदत नसते, उद्याच जाऊन गुन्हा दाखल कर’. (पोक्सो म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा.) माझ्या मते ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत आणि दुसरे तर सदिच्छेपोटी दिलेले असूनही जास्त त्रासदायक ठरते, कारण ते ऐकून धीर एकवटून पोलीस ठाण्यात गेलेले माणूस तिथे वेगळेच काही ऐकून परत येते आणि पुन्हा वर्षानुवर्षे बोलत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मुदत म्हणजे घटनेनंतर किती काळापर्यंत न्यायालय त्या गुन्ह्याची दखल घेऊ शकते, ती मर्यादा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६८ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ यांनुसार मुदतीचे बंधन आहे ते जास्तीत जास्त तीन वर्षे शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरते. त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदत नाही, मग घटनेला दहा वर्षे झालेली असोत की तीस. कॅनडात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या एका शास्त्रज्ञ महिलेने आपल्या बालपणातील अत्याचाराविषयी जाहीरपणे दाद मागितल्यानंतर, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय विधी मंत्रालयानेही पोक्सो कायद्यात तक्रारीसाठी कालमर्यादा घातलेली नाही, असे स्पष्ट केले. ‘पोक्सोला मुदत नाही’ हे वाक्य लोकांच्या तोंडी बसले ते तेव्हापासून.

अडचण अशी की पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (१) नुसार, कृत्य घडले तेव्हा जो कायदा अस्तित्वात होता त्याखालीच शिक्षा होऊ शकते. आज ज्यांचे वय पस्तीस-चाळीस आहे, त्यांच्या बाबतीत पोक्सोचा उपयोग नाही, त्यांना जुन्या भारतीय दंड संहितेकडेच जावे लागते. त्या संहितेत बलात्काराचे कलम ३७६ आणि अनैसर्गिक संभोगाचे कलम ३७७ ही गंभीर कलमे होती, त्यांना मुदत नाही. दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत ३७७ हे कलम उरलेले नाही, तरी तिच्या अंमलाआधी घडलेल्या कृत्यांना जुनीच संहिता लागू राहते, ही गोष्ट ठाणे अंमलदाराला कधीकधी सांगावी लागते.

आता बाकीच्या कृत्यांचे काय ते पाहा. २०१३ च्या दुरुस्तीपूर्वी विनयभंगाच्या कलम ३५४ ला महाराष्ट्रात कमाल शिक्षा दोन वर्षांची होती, म्हणजे मुदत तीन वर्षे. समजा, १९९५ साली आठ वर्षांच्या मुलीला मामाने किंवा शिकवणीच्या सरांनी वारंवार नको तिथे हात लावला. तिची मुदत १९९८ साली, ती अकरा वर्षांची असताना संपली. दिवाणी दाव्यात मुदत कायदा निदान मूल सज्ञान होईपर्यंत थांबतो आणि त्यानंतर जास्तीत जास्त तीन वर्षे देतो, परंतु फौजदारी मुदत मोजताना बालपण वगळण्याची सोयच नव्हती आणि आजही नाही. पाचवीतल्या मुलीने, जिच्या घरात त्या माणसाला चहा दिला जात होता, त्या मुलीने स्वतःहून न्यायव्यवस्थेकडे जावे, अशी ही अपेक्षा! मुलग्यांची स्थिती याहून वाईट, कारण विनयभंगाचे कलम मुळात स्त्रियांपुरतेच होते आणि ३७७ खाली प्रत्यक्ष संभोगच सिद्ध करावा लागे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले होते आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते, हे इथे आठवावे. गोव्याने मात्र २००३ सालीच स्वतंत्र बाल कायदा आणि बाल न्यायालय आणले, त्यामुळे तिथल्या त्यानंतरच्या घटनांची वाट थोडी वेगळी आहे.

मुदत उलटलेल्या प्रकरणातही न्यायहितासाठी विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला जुन्या कलम ४७३ ने दिला होता आणि तो नव्या संहितेतही आहे. पण हा न्यायालयाचा विवेकाधिकार आहे, पीडिताचा हक्क नाही. बालपणी झालेल्या गुन्ह्याची मुदत किमान अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून मोजावी, इतकी साधी दुरुस्ती संसदेने अद्याप केलेली नाही, हे मला अक्षम्य वाटते.

आरोपीचे तेव्हाचे वय हा आणखी एक मुद्दा कुटुंबे हमखास विसरतात. अत्याचार करणारा चुलतभाऊ त्या वेळी सोळा वर्षांचा असेल, तर आज तो दोन मुलांचा बाप असला तरी त्याचे प्रकरण बाल न्याय कायद्याच्या चौकटीतच चालते. शिक्षेची अपेक्षा बाळगून आलेल्याला हे आधी कळलेले बरे.

म्हणूनच पोलीस ठाण्याआधी वकिलाकडे जावे, असे माझे ठाम मत आहे. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून बसत असताना पाहिलेली एक गोष्ट सांगतो. तिथल्या वकीलबाई समोरच्याला घटनांचा तक्ता करायला लावत आणि तारखेच्या रकान्यावर काट मारून त्या जागी ‘इयत्ता’ लिहीत. तारीख विचारली की गोंधळणारे माणूस चौथीची मे महिन्याची सुट्टी, ताईच्या लग्नाआधीचा गणपती, वाडा सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेलो ते वर्ष, असे बरोबर सांगत जाई, आणि त्यावरून कोणते कलम लागू पडेल ते ठरे. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, जुनी डायरी, समुपदेशकाकडच्या नोंदी, आणि सर्वांत आधी हे कुणाला सांगितले त्या व्यक्तीचे नाव. ‘झाले गेले विसरून जा, तो आता म्हातारा झाला’ असा एखाद्या नातेवाइकाचा व्हॉट्सॲप संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नये, तोही कामाचा असतो. स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. प्रौढ पुरुषाला मात्र बहुतेक वेळा उत्पन्नाची अट आहे आणि लहानपणी अत्याचार सोसलेल्या पुरुषासाठी ती शिथिल व्हायला हवी. प्राधिकरणाचा राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य सरकारच्या ‘मनोधैर्य’ योजनेची चौकशीही तिथेच करावी.

घटना सोलापुरात घडली आणि तुम्ही ठाणे शहरात राहत असलात, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडित स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते आणि ती नोंदवण्यास नकार देणे हा त्या पोलीस कर्मचाऱ्याचा स्वतंत्र गुन्हा ठरतो. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, आणि तिथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकारी, हा क्रम आहे.

खटल्याबद्दल खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांनी वैद्यकीय पुरावा नसतो, उलटतपासणीत उशिराचाच मुद्दा उगाळला जातो आणि बरीच वर्षे तारखा पडत राहतात. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमीत सिंग निकालापासून सातत्याने म्हटले आहे की, लैंगिक गुन्ह्यात उशिराचे कारण पटण्यासारखे असेल तर तक्रार खोटी ठरत नाही आणि पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर ती एकटी पुरेशी असते. कुलाब्याच्या अँकरेज निवाऱ्यातील मुलांच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण पोक्सोच्या आधीचे. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोन ब्रिटिश नागरिकांना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये सोडले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलग्यांच्या साक्षी ग्राह्य धरून शिक्षा पुन्हा कायम केली. त्या मुलांनी या सगळ्या काळात काय सोसले असेल, याची कल्पना निकालपत्र वाचून येत नाही.

एवढे ऐकून कुणी तक्रार न करण्याचे ठरवले, तर तो निर्णयही तितक्याच आदराने स्वीकारावा. मुंबईची अर्पण, दिल्लीची राही यांसारख्या संस्था या विषयावर काम करतात आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आधार मिळू शकतो. समुपदेशकाकडे पहिल्याच भेटीत एक प्रश्न स्पष्ट विचारून घ्यावा, तो म्हणजे मी सांगितलेले पोलिसांना कळवणे तुम्हाला भाग पडेल का. कारण पोक्सोच्या कलम १९ ने गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर ती कळवण्याचे बंधन घातले आहे.

मात्र एका परिस्थितीत मी गप्प राहण्याचा सल्ला देणार नाही. तो माणूस आजही शिकवण्या घेत असेल किंवा त्याच्या घरात नात मोठी होत असेल, तर प्रश्न केवळ तुमच्या जुन्या प्रकरणाचा राहत नाही. कलम १९ घडून गेलेल्या गुन्ह्याइतकेच घडण्याची भीती असलेल्या गुन्ह्यालाही लागू होते आणि १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर ती माहिती कुणीही देऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका डॉक्टरच्या संदर्भात बजावले आहे. ही जबाबदारी पीडिताच्या एकट्याच्या खांद्यावर टाकू नये. ज्या काका-काकूंना, मावशीला हे आधीपासून ठाऊक आहे, त्यांनी स्वतः फोन करावा.